दर्याला नारळ, कानाला नभोवाणी

नारळी पौर्णिमेनिमित्त विशेष लेख

श्रावण शुद्ध पौर्णिमा ही कोकणपट्टीच्या जीवनातील एक मोठी संधिरेषा होय. ज्येष्ठ-आषाढात उसळलेला दर्या या सुमारास हळूहळू निवळू लागतो, नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा जोर मोडू लागतो आणि किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्यांना पुन्हा पाण्याची ओढ लागते. घरोघर नारळीभाताचा दरवळ सुटतो. कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणूक निघते, सोनेरी वर्खाने मढविलेला नारळ दर्याला अर्पण होतो आणि घरधन्याला सुखरूप परत आणण्याचे साकडे सागराला घातले जाते. राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील पावसाळी बंदी आता १ जून ते ३१ जुलै अशी शासनाने ठरवून दिलेली असली, तरी कोळ्याच्या मनातील खरा मुहूर्त हाच आहे.

या साकड्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती आमच्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. दर्याची पूजा करणारा माणूस दर्याचे ऐकतही असे. वाऱ्याची दिशा, ढगांची चाल, लाटेचा रंग, पाखरांची परतण्याची वेळ या साऱ्यांतून मिळणारा कौल घेतल्यावाचून तांडेल शीड उभारीत नसे. आजच्या सणाच्या दिवशी आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो तो विषय हाच: आकाशाचा कौल ऐकण्याचे जे नवे साधन गेल्या शतकाने आपल्या हाती दिले, त्या नभोवाणीवरील हवामानवार्तेचा.

रोडपालीचा टापू

हा विषय केवळ खोल समुद्रात जाणाऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. पनवेल तालुक्यातील रोडपालीसारख्या गावाकडे पाहावे. कळंबोलीला लागून असलेले हे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या, आणि जेथे भाताची खाचरे, खाजणे व मिठागरे होती तेथे इमारतींच्या रांगा, लोखंड-पोलादाचा बाजार आणि मालमोटारींचे तळ उभे राहिले. २०१६ च्या ऑक्टोबरात पनवेल महानगरपालिकाही आली. परंतु भूगोल बदलला नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीकडून येणारी कासाडी नदी याच टापूत खाडीला मिळते. तिच्या प्रदूषणामुळे खाडीतील मासेमारी रोडावली असली, तरी भरती-ओहोटीचे घड्याळ येथे अजून चालूच आहे.

अशा सखल भूमीवर वसाहती उभारताना धारण तलावांची योजना करण्यात आली. भरती आली की खाडीच्या तोंडाच्या झडपा मिटतात व पावसाचे पाणी तलावात साठून राहते. ओहोटी लागली की झडपा उघडतात व साठा खाडीत उतरतो. योजना सुबक आहे, पण तीत एक मर्म आहे. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच प्रहरी आली, तर पाण्याने जावे कोठे? पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण येते हे आगरी-कोळी घरातील पोरालाही ठाऊक असते. अष्टमीच्या सुमाराच्या भांगेला जो पाऊस सहज निचरून जातो, तोच उधाणाला उंबरठा ओलांडतो. म्हणून रोडपालीच्या रहिवाशाला 'कोकणात पाऊस पडेल' एवढे सांगून भागत नाही. किती पडेल, केव्हा पडेल आणि तेव्हा खाडी कोणत्या स्थितीत असेल, हे तिन्ही त्याला कळावे लागते.

अनुभवाचा कौल आणि त्याची मर्यादा

रोहिणी, मृग, आर्द्रा या नक्षत्रांवर आणि पंचांगात सांगितलेल्या त्यांच्या बेडूक, म्हैस, हत्ती इत्यादी वाहनांवर आमच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली कामे बेतली. मतलई वारा आणि खारा वारा यांच्या रोजच्या फेऱ्यांवर कोळ्यांनी आपली जाळी टाकली. हे सारे टाकाऊ होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ऋतूची सर्वसाधारण चाल त्यातून कळे. परंतु शेकडो मैल दूर अरबी समुद्रात जन्मलेले वादळ डोळ्यांना दिसत नाही, आणि ते दिसू लागते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. येथे माणसाच्या डोळ्याहून लांब पाहणारी दृष्टी आणि हाकेहून लांब जाणारा आवाज हवा.

या दोहोंच्या अभावी काय घडते याची साक्ष आपल्या मुंबई बंदरानेच दिली आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेल्या उतारूंनी भरलेली 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांनी तिला कलंडविले. सुमारे सातशे उतारूंपैकी सहाशेहून अधिक जीव गेले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. बंदरापासून अवघ्या काही मैलांवर एवढा अनर्थ घडला, तरी त्याची वार्ता मुंबईला पोहोचण्यास कित्येक तास लागले. जे वाचले त्यांतील अनेकांना कोळ्यांच्या होड्यांनी वाचविले. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, कित्येक घरांत ती अमावास्या पुढे सणाची राहिली नाही.

कुलाब्याची वेधशाळा आणि आकाशातील वाणी

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ सालची. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय वेधांत व्यत्यय येणार, म्हणून ते वेध घेण्याचे काम १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आले, हा इतिहास रायगडकरांना अभिमानास्पद वाटावा असा आहे. १८६४ च्या भीषण चक्रीवादळाने कलकत्ता बंदराची धूळधाण उडविल्यानंतर १८६५ मध्ये तेथे वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते अस्तित्वात आले. मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी. ढग पाहणारा डोळा आणि घरोघर पोहोचणारा आवाज यांची गाठ तेव्हापासून पडू लागली.

'आकाशवाणी' हे नाव प्रथम १९३५ साली म्हैसूर येथील एका खाजगी केंद्राने घेतले. पुढे सरकारी नभोवाणीने ते स्वीकारले. पुराणांतील आकाशवाणी बहुधा इशाराच देते. आणखी आठ दिवसांनी येणाऱ्या गोकुळाष्टमीची कथा त्याच इशाऱ्याने सुरू होते. कंसाने तो स्पष्ट ऐकला, पण त्यातून घ्यावयाचा बोध न घेता भलतेच केले. इशारा मिळणे वेगळे आणि इशाऱ्याने शहाणे होणे वेगळे, हे त्या कथेचे तात्पर्य हवामानालाही लागू पडते.

वार्तापत्रातील शब्दांचे वजन

हवामानाची वार्ता ऐकताना 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी' हे शब्द आपल्या कानांवरून सरकून जातात. वस्तुतः ते मोघम नाहीत; त्यांना मापे आहेत. एखाद्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. चतुर्थांश ते निम्मी केंद्रे म्हणजे 'काही ठिकाणी', निम्मी ते पाऊण म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी', आणि त्याहून अधिक म्हणजे 'बहुतांश ठिकाणी'. तसेच २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडणाऱ्या पावसाला जोरदार म्हणतात, ११५.६ पासून तो अतिजोरदार होतो आणि २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की अत्यंत जोरदार. पिवळा, नारिंगी व लाल हे रंग अनुक्रमे सावध राहा, तयार राहा आणि कृती करा असे सांगतात.

मच्छीमारांसाठी दिला जाणारा इशारा याहून निराळा असतो. किनाऱ्यालगत वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाण्याची, सोसाट्याच्या झोतांची किंवा समुद्र फार खवळण्याची शक्यता दिसली की तो निघतो, आणि आकाशवाणीवरून प्रादेशिक भाषेत पुनःपुन्हा सांगितला जातो. वादळ किनाऱ्याकडे येत असेल तर किनारपट्टीची केंद्रे नेहमीची वेळ संपल्यावरही चालू ठेवण्याची प्रथा आहे.

बंदरावरील बावट्यांची भाषा तर कोळीवाड्यांना मुखोद्गत आहे. 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटले की होडी किनाऱ्याला. एक व दोन हे दूरच्या वादळाचे, तीन व चार हे स्थानिक सावधगिरीचे, पाच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे. परंतु अकरावा बावटा आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. तो सांगतो की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि म्हणून धोका आहे असे समजून चालावे. शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे. ज्यांनी हा अकरावा बावटा योजिला त्यांना समुद्र खरोखर समजला होता.

एकाच शहरात दोन आकाशे

स्थानिक अंदाजाचे मोल ज्याला जोखावयाचे असेल त्याने २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशीच्या २४ तासांत सान्ताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, आणि त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्याने नोंदविला तो अवघा ७३ मिलिमीटर. एका नगराची दोन आकाशे झाली होती. त्याच पावसाने महाड तालुक्यातील जुई व दासगाव येथे डोंगर खाली आणला. यानंतर पावसाचे ढग जवळून न्याहाळणाऱ्या साधनांची निकड सर्वांना पटली. कुलाब्याला डॉप्लर रडार आले, २०२२ च्या जानेवारीत मुंबईच्या वेरावली येथे दुसरे सुरू झाले, आणि पुढील तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज देण्याची पद्धत रूढ झाली.

मग प्रश्न उरतो तो असा की, तीन तासांसाठी दिलेला अंदाज तीन तासांच्या आत त्या माणसाच्या कानी पोहोचतो काय? सायंकाळच्या ठरल्या वेळेच्या वार्तापत्राने हे काम होणारे नाही.

अमेरिकेने यावर काढलेला तोडगा पाहण्याजोगा आहे. तेथे हवामान खात्याची स्वतःची नभोवाणी आहे. ती अहोरात्र फक्त हवामानच सांगते. एप्रिल १९७४ मध्ये दोन दिवसांत १४८ चक्रवातांनी तेथील अनेक राज्यांना झोडपले, आणि त्यानंतर हे जाळे झपाट्याने वाढविण्यात आले. घरातील लहानसा ग्राहक यंत्रसंच मुका राहतो, पण आपल्या परगण्याचा सांकेतिक इशारा येताच तो मध्यरात्रीही आपोआप कर्कश आवाज करून जागा होतो. शेजारच्या परगण्याचे संकट असेल तर तो गप्पच राहतो. विनाकारण झोपमोड नाही, म्हणून इशाऱ्याची अवहेलनाही नाही.

हे परदेशी कौतुक आपल्याला अगदीच नवे आहे असेही नाही. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळाने आंध्रच्या दिवी भागात सहस्रावधी बळी घेतल्यानंतर, १९८० च्या दशकात आपल्या हवामान खात्याने इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने अशीच योजना आखली. किनाऱ्यावरील ठराविक ठिकाणी बसविलेले संच वादळ-इशारा केंद्रातून निवडून चालू करता येत. आधी भोंगा वाजे आणि मग स्थानिक भाषेत संदेश ऐकू येई. आज हेच कार्य मोबाईल दूरध्वनीकडे सोपविले जात आहे. २०२३ मध्ये एकाच वेळी असंख्य हातांतील यंत्रे चाचणी-संदेशाने खणखणली, ते वाचकांना आठवत असेलच.

मोबाईल मुका होतो तेव्हा

ही प्रगती स्वागतार्ह आहे. तरीही एका साधनावर सर्व भार टाकण्यात धोका आहे, हे ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडला दाखवून दिले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि दूरध्वनीचे मनोरे बंद पडले. कित्येक दिवस घरे अंधारात आणि यंत्रे मुकी राहिली. अशा वेळी दोन-तीन सेलांवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर हा गरिबाचा सोबती ठरतो. त्याला गावात मनोरा लागत नाही. दूरच्या शहरातील एक प्रक्षेपक उभा असला की पुरे.

मध्यम लहरींचा आणखी एक गुण समुद्रावर विशेष उपयोगी पडतो. या लहरी भूपृष्ठाला धरून चालतात, आणि कोरड्या जमिनीपेक्षा खाऱ्या पाण्यावरून त्या कितीतरी दूरवर जातात. मोबाईलची हाक किनारा सोडल्यावर थोड्याच अंतरात विरते. आकाशवाणीचा आवाज त्याच्या बराच पुढे नौकेची सोबत करतो. विजा चमकू लागल्या की याच लहरींवर खरखर उमटते, आणि जाणता खलाशी त्या खरखरीतूनही अर्थ काढतो. आता नौकांसाठी उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रे आली आहेत, हैदराबादचे सागरी माहिती केंद्र लाटांचा अंदाज देते, आणि संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक उपलब्ध आहे. हे सर्व असावे. परंतु खाडीत डिंगी घेऊन जाणाऱ्या एकट्या माणसाला परवडते ते साधन कोणते, याचाही विचार व्हावा.

शेवटच्या घरापर्यंत

इशारा आकाशातून आला, यंत्रात उमटला, कानावरही पडला. तरी कार्य संपत नाही. १९७० च्या नोव्हेंबरात तत्कालीन पूर्व पाकिस्तानावर आलेल्या चक्रीवादळाचा इशारा नभोवाणीवरून दिला गेला होता. तो पुष्कळांनी ऐकला. आश्रय घेणारे मात्र फार थोडे निघाले, आणि तीन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यातून धडा घेऊन बांगलादेशाने स्वयंसेवकांचे जाळे विणले. नभोवाणी ऐकावी, बावटा चढवावा, कर्णा घेऊन वस्तीत फिरावे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून आश्रयस्थानी न्यावे, हे त्यांचे काम. पुढील काळात त्या देशातील वादळबळी फार मोठ्या प्रमाणात घटले, त्याचे श्रेय यंत्रांइतकेच या माणसांना आहे.

आपल्याजवळचे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे कायमची मातीआड गेली. मुसळधार पावसाचा इशारा त्या काळात जिल्ह्याला दिलेला होता. पण संभाव्य दरडींच्या यादीत त्या वाडीचे नाव नव्हते, आणि तेथे पायवाटेनेच चढून जावे लागे. जिल्ह्याचा इशारा आणि वाडीचा इशारा यांत जे अंतर पडते, त्यातच माणसे दगावतात.

इशाऱ्याच्या विश्वासाचाही प्रश्न आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' या वादळांनी ऐन हंगामात नौका किनाऱ्यावर अडकवून ठेवल्या. वादळे किनारा न गाठता निघून गेली की हातावर पोट असलेला खलाशी साहजिकच कुरकुरतो. उलट ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा समुद्रात असलेल्या कित्येकांना परतता आले नाही. बुडालेला दिवसाचा धंदा पुन्हा उभा करता येतो. बुडालेला तांडेल येत नाही. तथापि धंदा बुडाल्याचा भार केवळ त्या गरिबाने सोसावा हेही न्यायाचे नाही. इशारा पाळणाऱ्याच्या चुलीची काळजी समाजाने घेतली, तर इशाऱ्याला आपोआप मान मिळेल.

यंदाचा संकल्प

सण म्हणजे सामुदायिक संकल्पाचा दिवस. रोडपालीसारख्या गावांतील उत्सव मंडळांपाशी ध्वनिवर्धक असतो, तरुणांची फळी असते, आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाला चालता येत नाही, याची माहिती असते. महानगरातील कोणत्याही कचेरीपाशी ही संपत्ती नाही. मंडळाने एक ट्रान्झिस्टर व सेलांचा जादा जोड राखून ठेवावा. पावसाळ्यात आळीपाळीने एकेकाने वार्ता ऐकण्याचा नेम धरावा. भरतीच्या वेळांचा तक्ता देवळाच्या भिंतीवर लावावा आणि त्याशेजारी रोजच्या इशाऱ्याचा रंग लिहावा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक मुलांच्याही तोंडी असावा. उधाण आणि लाल इशारा एका दिवशी आले की मिरवणुकीचा तोच ध्वनिवर्धक गल्लीगल्लीतून फिरावा. खेड्यातील दवंडीचे हे नवे रूप होईल, आणि नव्या वसाहतीतील इमारतीत कालच राहावयास आलेल्या, खाडीची भाषा न जाणणाऱ्या कुटुंबालाही त्याचा आधार वाटेल.

शासनाकडे आमचे मागणे एवढेच की, मध्यम लहरींच्या केंद्रांकडे कालबाह्य सामान म्हणून पाहू नये, आणि कोकणासाठीच्या वार्तेत तालुक्याचे व खाडीचे नाव घेऊन बोलण्याची प्रथा पाडावी. माणूस आपले नाव ऐकून वळतो. गावही आपले नाव ऐकूनच सावध होते.

दर्याला नारळ अर्पण करताना आपण म्हणतो, बा सागरा, शांत हो. सागर आपल्या नियमाने वागतो. त्याने शांत होण्याचे वचन कोणास दिलेले नाही. मात्र तो उसळण्यापूर्वी त्याची चाहूल घेण्याची विद्या आज आपल्यापाशी आहे. तिचा आवाज प्रत्येक होडीपर्यंत आणि खाडीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचो, आणि या पौर्णिमेला निघालेली प्रत्येक होडी भरल्या जाळ्याने परत येवो, हीच आमची प्रार्थना.